कुलूप चव्हाट्यावर, किल्ली मुठीत

माहितीचे सारख्या मापाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचे दोन भाग करायचे, एका भागात किल्ली मिसळून जे निघेल ते दुसऱ्यात कालवायचं, मग भागांची अदलाबदल करायची आणि हेच पुन्हापुन्हा. १९१५ साली बर्लिनमध्ये जन्मलेल्या आणि १९३४ साली अमेरिकेला गेलेल्या होर्स्ट फाइस्टेल यांनी आयबीएममध्ये मजकूर गुप्त करण्याची ही रचना बसवली. तिची खुबी अशी, की किल्लीचे अंश उलट्या क्रमाने वापरून त्याच पायऱ्या पुन्हा चढल्या की मूळ मजकूर परत मिळतो. कुलूप लावणारी किल्लीच ते उघडते. या रचनेवर बेतलेली डीईएस ही पद्धत १९७७ मध्ये अमेरिकेत मानक ठरली आणि तिचा टप्पा न् टप्पा छापून जाहीर झाला.

कृतीच चव्हाट्यावर मांडली तर चोराचं फावणार नाही का? शंका रास्त आहे, पण जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातलं काम तिचं उत्तर देतं. तिथल्या आणि कील विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली १० हजार युरोंच्या आत ‘कोपाकोबाना’ हे यंत्र उभं केलं. डीईएसची किल्ली ते सरासरी ९ दिवसांच्या आत हुडकत असे. कशी? ५६ बिटांच्या सुमारे ७२ हजार लाख कोटी किल्ल्यांतून एकेक लावून पाहत. २९ वर्षं कृती उघडी होती, तरी व्यवहारात वाट उरली ती या हमालीची. तोकडी पडली ती किल्ली. २००१ मध्ये मानक ठरलेल्या एईएस या नव्या पद्धतीची किल्ली किमान १२८ बिटांची असते, आणि दर वाढीव बिटागणिक किल्ल्यांची संख्या दुप्पट होते. तेच यंत्र तिच्यामागे लावलं, तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या अब्जावधी पट काळ लागेल.

उलट, गाड्यांचे आणि गॅरेजचे दरवाजे उघडणाऱ्या रिमोटमधली कीलॉक ही पद्धत गुप्त राखलेली होती. तिचे तपशील फुटले, आणि २००८ मध्ये बोखुमच्याच गटाने चिप क्षणाक्षणाला किती वीज खाते हे मोजून निर्मात्याची मूळ किल्ली काढली. ती हाती आल्यावर दुरून दोन संदेश टिपले की रिमोटची नक्कल तयार. कोणी म्हणेल, निष्काळजीपणे घडवलेली एईएसची चिपही अशीच फुटते. खरं आहे, गणित भक्कम असलं तरी चिप बोलकी असू शकते, म्हणून चिपचीही परीक्षा व्हायला हवी. पण एकाच मूळ किल्लीवर असंख्य रिमोटांचा भार टाकणारी रचना आधी परक्या नजरांखालून गेली असती, तर कोणीतरी तिच्यावर बोट ठेवलंच असतं, असं मला ठामपणे वाटतं. जर्मन सरकारचं बॉनमधलं माहिती-सुरक्षा कार्यालय कोणती पद्धत आणि किती लांब किल्ली वापरावी हे सांगतं, त्यात एईएस आहे. आणि ती मार्गदर्शिकाही कोणालाही वाचता येते.