हबशी पेशव्याची राजधानी

नवापूर तालुक्यातल्या खांडबाऱ्याहून धुळे, चाळीसगाव, कन्नड अशी वाट धरली की वेरूळनंतर खुलताबाद लागते. बहुतेक गाड्या भद्रा मारुतीचे दर्शन घेऊन पुढे निघतात. थोडी वाट वाकडी करून मलिक अंबरची कबर जरूर पाहावी. दगडी वास्तू, वर घुमट आणि जवळच पत्नी करीमा बीबीची कबर.

इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेल्या या हबशी अंबरला लहानपणीच गुलाम म्हणून विकले गेले. बगदादमार्गे तो अहमदनगरच्या निजामशाहीत आला आणि कर्तबगारीवर पेशवा, म्हणजे मुख्य प्रधान झाला. गनिमी काव्याने त्याने मुघलांना जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. जहांगीरने अंबरच्या मस्तकावर बाण मारतानाचे स्वतःचे चित्र काढवून घेतले. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

१६१० मध्ये त्याने खडकी गावी राजधानी वसवली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. मुघलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा अजून भक्कम उभा आहे. पण अंबरचे खरे मोठेपण जमिनीखाली आहे. डोंगरातले झरे अडवून, केवळ उताराच्या बळावर शहरात पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याने बांधली. पाणी खेळते राहावे म्हणून ठिकठिकाणी हवेचे झरोके ठेवले.

या शहराचे कृष्णवर्णीयांशी नाते इथेच संपत नाही. आपल्याकडील अस्पृश्यांचे आणि अमेरिकेतील निग्रोंचे दुःख सारखे आहे, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले. तिथल्या कृष्णवर्णीयांचे साहित्य त्यांनी नागसेनवन या महाविद्यालयाच्या परिसरातल्या विद्यार्थ्यांसमोर ठेवले. डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक याच शहरातून निघाले आणि दलित लेखकांच्या पिढ्या त्यात लिहित्या झाल्या.

नवापूर तालुक्यातल्या आश्रमशाळांच्या सहलींनी बीबी का मकबरा आणि पाणचक्की पाहावीच. त्याबरोबर भडकल दरवाजा आणि नागसेनवनही दाखवावे. विकला गेलेला मुलगा राजधानी वसवू शकतो आणि नाकारलेला समाज लेखणी हाती घेऊ शकतो, हे आपल्या मुलांना कळायलाच हवे.