खर्रा सुटल्यावरची धडधड

खर्रा सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात छातीत धडधड जाणवते, झोप मोडते, चिडचिड होते, मन एका जागी ठरत नाही. आरोग्याची धास्ती बाळगणाऱ्या माणसाला ही लक्षणे हृदयविकाराची वाटतात. कर्करोगाच्या भीतीने खर्रा सोडलेला माणूस हृदयविकाराच्या भीतीने पुन्हा पानठेल्यावर उभा राहतो, तो याच आठवड्यात. ब्रह्मपुरीच्या एका वाचकाने नेमके हेच विचारले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत आरोग्याच्या भीतीतून घडणाऱ्या बदलांची सुरुवात अनेकदा खर्ऱ्यापासून होते.

तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटून खर्रा होतो आणि तो दिवसभर चिमूट-चिमूट तोंडात राहतो. त्यातले निकोटीन नाडीचा वेग वाढवते. ते थांबले की नाडी मंदावते. म्हणजे खर्रा सोडलेल्या माणसाला धडधड जास्त जाणवत असली, तरी शांत बसून नाडी मोजल्यास ती बहुधा पूर्वीपेक्षा कमीच भरते. वाढलेली असते ती तलफेची अस्वस्थता आणि छातीकडे लागलेले लक्ष. हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. हा हिशेब आधी माहीत असलेला माणूस त्या दिवसांतून निभावतो. माहीत नसलेल्याला प्रत्येक ठोका शंकास्पद वाटतो.

तलफ आणि धास्ती यांची घडण विलक्षण सारखी आहे. चिमूटभर खर्ऱ्याने मिळणारे समाधान हे मुख्यतः आधीची चिमूट उतरल्याने आलेल्या अस्वस्थतेपासूनची सुटका असते. ती तासाभरात संपते. ईसीजी नॉर्मल आल्याचा दिलासाही असाच दोन दिवस टिकतो आणि मग ‘मशीनमध्ये सुटले असेल तर?’ ही शंका डोके वर काढते. पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या संशोधकांनी १९८६मध्ये हाच मुद्दा मांडला : वारंवार मागितलेला दिलासा भीती कमी करत नाही, ती जिवंत ठेवतो. आज धास्तीवर जे मानसोपचार वापरले जातात, त्यांच्या मुळाशी हा विचार आहे.

घडण सारखी असल्याने उपायही एकच लागू पडतो. तलफ आली की लगेच पुडी उघडायची नाही. काही मिनिटे दुसऱ्या कामात घालवायची. लाट चढते आणि आपोआप उतरते. नाडी तपासण्याची, आरशात जीभ पाहण्याची, मोबाइलवर लक्षणे शोधण्याची ऊर्मी आली तरी हेच करायचे. ज्याने खर्ऱ्याची तलफ परतवली, त्याला धास्तीची लाट परतवण्याचा सराव आपसूक झालेला असतो. हा सर्वांत आशेचा मुद्दा आहे, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

मात्र भीती स्वतःहून कोणाचे भले करत नाही. नॉर्वेतील होर्डालांड भागातल्या सात हजारांवर लोकांचा बारा वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. आरोग्याची तीव्र धास्ती असलेल्यांत हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा सुमारे सत्तर टक्के जास्त आढळला. धास्तीनेच हृदयविकार झाला, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण सतत जिवाला जपणारा माणूस त्या जपण्यामुळे सुरक्षित असतो, ही समजूत तरी यापुढे टिकत नाही. उपयोगी पडते ती भीतीची वळवलेली दिशा.

ती दिशा कशी वळते याचा सर्वांत प्रामाणिक वृत्तांत गडचिरोलीतूनच आला आहे. १९८६पासून ‘सर्च’ संस्थेमार्फत या जिल्ह्यात काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांना १९९५मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यांचा आजार खरा होता, त्यामुळे निव्वळ धास्तीच्या रुग्णांत त्यांना बसवणे चुकीचे ठरेल. पण मृत्यू जवळून पाहिल्यानंतर त्यांनी आहार, चालणे, योग, ध्यान आणि माणसांशी असलेले नाते यांची फेरमांडणी केली. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकामुळे ती मराठी घराघरांत पोहोचली. अशा फेरमांडणीला संशोधनाचाही आधार होता. डीन ऑर्निश यांनी १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले होते की अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, व्यायाम, तणावनियोजन, धूम्रपानत्याग आणि सोबत्यांचा गट यांनी हृदयाच्या धमन्यांतील अडथळे काहीसे कमी होऊ शकतात.

चांगला बदलही तपासणीचे नवे निमित्त होऊ शकतो, हा धोका मात्र ओळखावा लागतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घेतलेले ऑक्सिमीटर अजून अनेक घरांत कपाटात आहेत. चालून आल्यावर त्यात बोट घालणारा माणूस चालण्यातून काही मिळवत नाही. थंडीत बोटे गार पडली की आकडा उगाच कमी दिसतो आणि भीतीला खाद्य मिळते. चालताना नाडी वाढते, दम लागतो, घाम येतो. ही निरोगी शरीराची कामे आहेत हे शरीराकडूनच पुन्हा शिकायचे असते. त्यासाठी यंत्र घरी ठेवून निघावे.

चालण्याचा पुण्या-मुंबईतला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. पहाटेच्या अंधारात फिरणे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी या पट्ट्यात धोक्याचे आहे; मोहफुले वेचायला भल्या पहाटे गेलेल्यांवर वाघाचे हल्ले झाले आहेत. ही भीती आजार नव्हे, ती शहाणपण आहे आणि ती पाळलीच पाहिजे. उजाडल्यावर, सोबतीने, गावाच्या आत किंवा शाळेच्या मैदानात चालावे. मे महिन्यात मात्र ऊन चढण्याआधी परतावे.

धास्तीचा दुसरा चेहरा लपणारा असतो. तोंडात पांढरा चट्टा दिसतो, पण डॉक्टर काय सांगतील या भीतीने माणूस फिरकतच नाही. दवाखान्याची भीती या भागाला अनोळखी नाही. ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरातला मां दंतेश्वरी दवाखाना आदिवासींना विचारून, गावातल्या झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला, तो ही भीती खरी मानली म्हणूनच. खर्रा खाणाऱ्याने किंवा सोडलेल्याने दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तिखट सोसेनासे होणे, स्वतःची तीन बोटे उभी मावणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड यांपैकी काहीही असल्यास एकदा दंतवैद्याला किंवा सरकारी रुग्णालयात दाखवावे. श्रमाबरोबर वाढणारे छातीतले दुखणे, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ असेल तर मात्र लाट ओसरण्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा. तपासणी झाल्यावर पुढची तारीख डॉक्टरांनीच ठरवावी आणि मधल्या काळात दुसरा डॉक्टर शोधू नये. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ची तालुक्याच्या ठिकाणची व्यसनउपचार क्लिनिकेही याच कामाची आहेत.