तंबोरा : लाकूड व घडण

आधारस्वर देणाऱ्या या तंतुवाद्याचे जुने नमुने लाकडावरून व बांधणीवरून ओळखता येतात. गिटारची पेटी वाकविलेल्या पातळ फळ्यांची असते, तर तंबोऱ्याचा ध्वनिकोश भोपळ्याचा किंवा कोरीव लाकडाचा असतो. त्यामुळे पारखीचा आरंभ ध्वनिकोशापासून करावा लागतो.

महाराष्ट्रातील या व्यवसायाचे मुख्य केंद्र मिरज होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील फरीदसाहेब शिकलगार यांनी ही वाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. शस्त्रांना धार लावणे हा शिकलगारांचा परंपरागत व्यवसाय होता. मिरजेच्या सतार व तानपुरा या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मिरज घडणीत वाळविलेल्या भोपळ्यावर फुगीर तबली बसवितात. दांडी पोकळ असून तिचा छेद अर्धवर्तुळाकार असतो. वाद्याची लांबी सु. ९० ते १५० सेंमी. असते. तंजावर घडणीत भोपळा नसतो. तेथे फणसाच्या लाकडाचा ठोकळा कोरून ध्वनिकोश करतात. दांडी काहीशी बारीक व घोडी बहुधा शिसवी असते.

मिरजेकडे तून व साग ही लाकडे वापरली जातात. व्यापारात तुनाला ‘रेड सीडार’ म्हणत असले, तरी ते सूचिपर्णी देवदाराचे लाकूड नव्हे. तो निंब कुलातील वृक्ष आहे. दोन्ही लाकडांत वार्षिक वलये स्पष्ट असल्याने केवळ रेषांवरून निर्णय करता येत नाही. तून हलके, तांबूस व मंद सुवासिक असते. साग अधिक जड, सोनेरी तपकिरी व स्पर्शास तेलकट असतो. रोगणाखालचा खरा रंग खुंट्यांच्या छिद्रांत दिसतो.

नक्षीकामासाठी पूर्वी हस्तिदंत, हाड वा सांबरशिंग वापरीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ व त्यातील पुढील दुरुस्त्या यांमुळे हस्तिदंताचा व्यापार थांबला. आडव्या छेदात हस्तिदंतावर परस्परांना छेदणाऱ्या वक्र रेषा, तर हाडावर सूक्ष्म छिद्रे दिसतात. सेल्युलॉइडवर यांपैकी काहीच नसते.

तारा, खुंट्या व घोडी हे भाग झिजतात व वेळोवेळी बदलले जातात. घोडीचा पृष्ठभाग घासून जवारी पुन्हा काढली की वाद्याचा नादही पालटतो. म्हणून या भागांवरून किंवा केवळ नादावरून वाद्याचे वय ठरविणे सदोष ठरते. दांडी, तबली व भोपळ्याचा सांधा हेच अधिक विश्वसनीय पुरावे होत. दुरुस्तीत तबली बदलल्यास त्यांतील एक कायमचा नाहीसा होतो. यास्तव काढलेला भाग जपून ठेवणे व बदलाची नोंद करणे आवश्यक असते.