संगणकाला ‘अंबड’ का सापडत नाही?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी एक अंबड. समजा, शाळेच्या संगणकात अंबडच्या एका विद्यार्थ्याचा दाखला साठवलेला आहे. आपण ‘अंबड’ हा शब्द शोधायला सांगतो आणि उत्तर येते, ‘सापडले नाही’. फाइल तर तेथेच आहे! मग असे का व्हावे?

विद्यार्थी मित्रांनो, संगणक अक्षरे वाचत नाही. तो संकेतांक जुळवतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड प्रणालीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ठरावीक अंक आहे. ‘अ’ २३०९, अनुस्वार २३०६, ‘ब’ २३४८ आणि ‘ड’ २३३७. म्हणजे ‘अंबड’चे चार अंक झाले. कोणी ‘अम्बड’ लिहिले, तर अनुस्वाराच्या जागी ‘म’ (२३५०) व हलन्त (२३८१) येऊन पाच अंक होतात. कानाला दोन्ही सारखे, संगणकाला निराळे.

दुसरी अडचण जुन्या फाइलींची. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे अनेक मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर मराठी आकार बसवत. पडद्यावर ‘अंबड’ दिसे, आत मात्र भलतेच अंक असत. अशा फाइली आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात.

चांगला शोधक पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची आधीच तयार ठेवतो: कोणता शब्द कोणत्या फाइलीत. सूचीत घालताना तो ‘अम्बड’चे ‘अंबड’ करतो आणि आपण विचारलेल्या शब्दालाही तोच नियम लावतो. मूळ फाइल तशीच राहते. पण सवलत बेताचीच हवी. ह्रस्व-दीर्घ भेद सोडला, तर ‘दिन’ शोधताना ‘दीन’ही येईल. म्हणून अचूक शब्द आधी, जवळचे नंतर दाखवावेत.

सूची ताजी नसेल, तर नवी फाइल सापडत नाही. अशा वेळी शोधकाने ‘सूची अपुरी आहे’ असे स्पष्ट सांगावे. ‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. हा फरक न कळल्यास एखाद्याचा दाखला असूनही नसल्यासारखा होतो.

करून पाहा: साध्या मजकुराच्या फाइलीत ‘मंठा’ आणि ‘मण्ठा’ लिहा. मग ‘मंठा’ शोधा. किती वेळा सापडतो?