पतंगाची दुरुस्ती आणि जुळणी

पतंगाची दुरुस्ती आणि जुळणी म्हणजे फाटलेला, मोडलेला किंवा तोल गेलेला पतंग पुन्हा उडण्यायोग्य करणे आणि वाऱ्याच्या वेगानुसार त्याच्या बांधणीत फेरबदल करणे. ही कामे बहुधा उडवणारा स्वतःच घरी करतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात आणि त्याच्या उत्तर सीमेलगतच्या येवला (जि. नाशिक) परिसरात मकर संक्रांतीच्या सुमारास पतंग उडवले जातात. येवल्यात भोगी, संक्रांत व कर असे तीन दिवस हा उत्सव चालतो.

संक्रांतीचा कागदी पतंग आणि समुद्रावर माणसाला ओढून नेणारा काइटसर्फिंगचा पतंग यांच्यात आकार, साहित्य आणि किंमत यांचे मोठे अंतर आहे. तरीही दोघांच्या दुरुस्तीची तत्त्वे सारखीच आहेत: दोन्ही बाजूंचा तोल सांभाळणे, दोऱ्यांची मापे अचूक ठेवणे आणि संकटाच्या वेळी पतंग माणसापासून सुटेल अशी सोय राखणे. यांपैकी तिसऱ्या तत्त्वाचा विसर पडल्यामुळे नायलॉन मांजाचा प्रश्न निर्माण झाला आहे.

पतंगाचे भाग

भारतीय लढतीचा पतंग चौकोनी असतो आणि तो एका कोनावर उभा धरला जातो. त्याच्या मधोमध असलेल्या उभ्या काडीला दांडा किंवा कणा म्हणतात, तर आडव्या वाकवलेल्या काडीला कमान म्हणतात. दोन्ही काड्या बांबूच्या कामटीपासून तयार करतात. वर पातळ पतंगी कागद चिकटवलेला असतो. खालच्या टोकाला कागदाचा लहान त्रिकोण किंवा शेपटी असते.

पतंगाला दोरा थेट बांधत नाहीत. कमान व दांडा यांच्या छेदाजवळ एक आणि दांड्याच्या खालच्या भागात एक अशा दोन ठिकाणी छिद्रे पाडून दुपदरी दोरा ओवतात. या बांधणीला कण्णी म्हणतात. कण्णीच्या दोन्ही पायांची जेथे गाठ पडते, तेथे उडवण्याचा दोरा जोडला जातो. पतंग वाऱ्याला किती कोनात सामोरा जाईल, हे या गाठीच्या जागेवर अवलंबून असते.

वारा आणि ओढ

पतंगावर पडणारे बल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर बल चौपट होते. बाजू ५० सेंटिमीटर असलेल्या चौरस पतंगाचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर भरते. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात अशा पतंगावर स्थूलमानाने ४०० ग्रॅम वजनाएवढी ओढ येते. तोच वेग १० मीटर झाला की ती दीड किलोच्या पुढे जाते. म्हणून मंद वाऱ्यात उत्तम उडणारा पतंग जोराच्या वाऱ्यात कमान मोडून घेतो.

अहिल्यानगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर पठारी प्रदेशात वसले आहे. पारनेर तालुक्यात सुपे परिसरातील कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत. तथापि दख्खनच्या पठारावर वाऱ्याचा खरा जोर नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत असतो. जानेवारीत वारा तुलनेने सौम्य व अस्थिर असतो. जमीन तापू लागली की त्यात झुळका येऊ लागतात. संक्रांतीचा पतंग त्यामुळे हलका असावा लागतो आणि दुरुस्ती करताना वाढणारे वजन हा महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

दोषाची लक्षणे व उपाय

दुरुस्तीपूर्वी दोष कोणता आहे, हे पतंगाच्या उडण्यावरून ओळखता येते.

• पतंग सतत एकाच बाजूला झुकतो: त्या बाजूचे वजन जास्त असते किंवा कमानीची ती बाजू अधिक लवचीक असते. लवचीक बाजू वाऱ्याने जास्त वाकते आणि तिची उचल कमी होते.
• पतंग गरगर फिरतो, स्थिर राहत नाही: कण्णीची गाठ फार खाली आलेली असते किंवा कमान फार ढिली असते. लहान मुलांच्या पतंगाला अशा वेळी शेपटी लावतात. शेपटीमुळे वाऱ्याचा अवरोध वाढतो आणि पतंग स्थिर होतो.
• पतंग वर चढत नाही, नुसताच ओढतो: तो वाऱ्याला फार उभा सामोरा जात असतो. गाठ किंचित वर सरकवावी लागते.
• पतंग वर जाऊन पुढे कलंडतो व दोरा ढिला पडतो: गाठ फार वर गेलेली असते. ती थोडी खाली आणावी लागते.

गाठ वर, म्हणजे पतंगाच्या शेंड्याकडे, सरकवली की पतंगाचा वाऱ्याशी होणारा कोन लहान होतो आणि ओढ घटते. जोराच्या वाऱ्यात असा बदल उपयोगी पडतो. हे बदल एका वेळी काही मिलिमीटरच करावेत. एका वेळी एकच बदल केला, तर कोणत्या उपायाचा परिणाम झाला हे कळते.

तोल तपासण्याची रीत सोपी आहे. बंद खोलीत, वारा लागणार नाही अशा जागी, कण्णीला धरून पतंग लोंबता ठेवतात. जी बाजू खाली जाते ती जड असते. हलक्या बाजूच्या कोपऱ्याला कागदाची लहान सुरळी चिकटवून किंवा दोऱ्याचा तुकडा बांधून तोल साधतात.

कागदाची दुरुस्ती

फाटलेल्या जागी त्याच जातीच्या कागदाचे ठिगळ मागच्या बाजूने लावतात. ठिगळाचे कोपरे गोल कापल्यास ताण एका बिंदूवर न येता पसरतो आणि फाट पुढे जात नाही. चिकटवण्यासाठी पीठ शिजवून केलेली खळ किंवा शिजलेल्या भाताची शिते वापरण्याची जुनी पद्धत आहे. खळ पातळ व थोडी लावावी. जास्त ओलाव्यामुळे कागद आधी फुगतो आणि वाळताना आक्रसून सुरकुततो. पतंग सावलीत सपाट ठेवून वाळवावा.

चिकटपट्टी लावणे सोयीचे असले तरी ती कागदापेक्षा जड व ताठ असते. मोठे ठिगळ लावावे लागले, तर दुसऱ्या बाजूला त्याच जागी तेवढ्याच वजनाचा कागद लावून तोल राखतात. ठिगळांची संख्या वाढल्यावर पतंग एवढा जड होतो की मंद वाऱ्यात तो उठत नाही. अशा वेळी काड्या काढून घेऊन नवा कागद चढवणे श्रेयस्कर ठरते.

काड्यांची दुरुस्ती

मोडलेल्या कमानीला खराट्याचा हीर किंवा बांबूची पातळ चीप जोडून बारीक दोऱ्याने घट्ट गुंडाळतात. जोड मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना पुरेसा पोहोचला पाहिजे. या जोडामुळे कमानीची ती बाजू ताठ होते आणि पतंग विरुद्ध दिशेला वळू लागतो. म्हणून दुसऱ्या बाजूलाही तसाच हीर बांधतात किंवा ताठ बाजू धारदार पात्याने हळूहळू तासून दोन्ही बाजूंची लवचीकता सारखी करतात.

नवी कामटी करताना बांबूची बाहेरची, सालीकडची बाजू वाकाच्या बाहेर ठेवतात, कारण तेथील तंतू ताण अधिक सोसतात. कांडीच्या पेरावर कामटी समान वाकत नाही. शक्य तर पेर टाळावे, अन्यथा ते मध्यभागी घ्यावे.

काइटसर्फिंगचा पतंग

काइटसर्फिंगमध्ये खेळाडू फळीवर उभा राहतो आणि मोठा पतंग त्याला पाण्यावरून ओढत नेतो. भारतात गोव्यातील मोरजी व अश्वे या किनाऱ्यांवर हा खेळ खेळला जातो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पतंगाच्या साहाय्याने चालणाऱ्या शर्यतीचा प्रथमच समावेश झाला. या खेळातील हवा भरलेल्या पतंगाची कल्पना फ्रान्समधील ब्रुनो व डोमिनिक लेगेन्यू या बंधूंची असून त्यांनी १९८४ मध्ये तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. पाण्यात पडल्यावर हा पतंग तरंगतो आणि पुन्हा उडवता येतो.

या पतंगात बांबूच्या कमानीचे काम हवेने फुगवलेली नळी करते. नळीचे बाहेरचे कापड जाड पॉलिएस्टरचे असते आणि आत प्लॅस्टिकची पातळ पिशवी असते. पतंगाचे मुख्य कापड रिपस्टॉप जातीचे असते. त्यात ठरावीक अंतरावर जाड धागे विणलेले असल्यामुळे फाट सहजी पसरत नाही.

हवा गळत असल्यास पिशवी बाहेर काढून तिच्यावर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे दिसतील तेथे छिद्र असते. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढण्याचीच ही रीत आहे. जागा स्वच्छ पुसून, पूर्ण वाळवून त्यावर ठिगळ लावतात. कापडातील लहान फाट गोड्या पाण्याने धुऊन, मीठ व वाळू काढून, दोन्ही बाजूंनी चिकट कापडी पट्टी लावून बंद करता येते. शिवणीवरची किंवा नळीलगतची मोठी फाट मात्र पाल शिवणाऱ्या कारागिराकडेच द्यावी.

बहुतेक पतंगांना चार किंवा पाच दोऱ्या असतात आणि त्यांची लांबी साधारणतः २० ते २५ मीटर असते. वापराने काही दोऱ्या अधिक ताणल्या जातात. त्यामुळे सर्व दोऱ्या एका खुंटीला अडकवून, सारखा ताण देऊन त्यांची लांबी जुळवतात. कागदी पतंगाच्या कण्णीची दोन्ही पाने जुळवण्यासारखेच हे काम आहे, परंतु येथे चूक महाग पडते. दहा चौरस मीटरच्या पतंगावर सेकंदाला १० मीटर वाऱ्यात सुमारे ६० किलो वजनाएवढे बल येऊ शकते आणि पतंग वेगाने फिरवल्यास ते आणखी वाढते.

या पतंगाच्या दोऱ्या तुटू नयेत अशाच बनवलेल्या असतात. म्हणून खेळाडूच्या कमरपट्ट्याशी एक सुटका कळ असते. ती चालवताच पतंगाची ताकद नाहीशी होते. या कळीसाठी २०२० मध्ये आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. घरच्या दुरुस्तीत ही कळ बदलू नये, असा संकेत आहे. ती केवळ धुवावी, वाळू काढावी आणि दर वेळी पाण्यात उतरण्यापूर्वी चालवून पाहावी.

दोरा, आसारी आणि नायलॉन मांजा

कागदी पतंगाला अशी कळ नसते. तेथे सुती दोराच हे काम करतो. दोरा कोठे अडकला किंवा कोणाला लागला, तर ठरावीक ताणापलीकडे तो तुटतो. काच न लावलेल्या साध्या दोऱ्याला सद्दी म्हणतात. पेच लढवण्यासाठी दोऱ्यावर सरस किंवा खळीत कालवलेल्या काचेच्या भुकटीचा थर देतात, त्याला मांजा म्हणतात. दोरा गुंडाळण्यासाठी फिरकी किंवा चक्री वापरतात. लाकूड व बांबूच्या कामट्यांची येवल्याची आसारी प्रसिद्ध आहे. फिरकीचा खिळखिळा झालेला दांडा घट्ट करणे आणि दोरा घासणाऱ्या कडा गुळगुळीत करणे ही तिची नेहमीची दुरुस्ती होय.

प्रतिस्पर्ध्याचा पतंग हमखास काटता यावा म्हणून सुती दोऱ्याच्या जागी नायलॉनचा दोरा आला. त्याला ‘चिनी मांजा’ असेही म्हणतात, परंतु तो भारतातही तयार होतो. तो बारीक असतो, ताणला तरी सहज तुटत नाही आणि दूरवरून दिसतही नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा दुचाकीस्वार सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापतो. रस्त्यावर आडवा आलेला असा दोरा गळ्याला लागल्यास थांबण्यास अवधी मिळत नाही. महाराष्ट्रात यामुळे मृत्यू झाले आहेत. काच लावलेला सुती मांजाही धारदार असतो, म्हणून तोही निर्धोक नाही. मात्र तो लवकर तुटतो आणि कालांतराने कुजतो. नायलॉन वर्षानुवर्षे झाडांवर व तारांवर राहतो.

संक्रांतीचा काळ स्थलांतरित पक्ष्यांच्या मुक्कामाचाही असतो. जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय पक्षी अभयारण्य असून त्याचा काही भाग अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे व शेवगाव तालुक्यांत येतो. हिवाळ्यात तेथे रोहित, करकोचे व बदके उतरतात. पाय किंवा पंख दोऱ्यात गुंतलेला पक्षी उडू शकत नाही आणि भक्ष्यही मिळवू शकत नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन व तत्सम कृत्रिम मांजाचे उत्पादन, विक्री, साठवण, खरेदी आणि वापर यांवर देशभर बंदी घातली. त्यामुळे केवळ विक्रेताच नव्हे, तर वापरणाराही कायद्याच्या कक्षेत येतो.

घ्यावयाची काळजी

• विजेच्या तारांवर अडकलेला पतंग काढू नये. ओला किंवा धातुमिश्रित दोरा वीजवाहक असतो. अशी सूचना महावितरणही दर वर्षी देते.
• कठडा नसलेल्या गच्चीवर आणि वाहत्या रस्त्यावर पतंग उडवू नये.
• दोरा हाताळताना बोटांना पट्टी गुंडाळावी. दुचाकीस्वारांनी गळ्याभोवती जाड कापड घ्यावे.
• दोऱ्यात अडकलेल्या पक्ष्याचा दोरा ओढू नये. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावा, पक्ष्याला कापडात धरून हवेशीर खोक्यात ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.
• खेळ संपल्यावर तुटलेला दोरा गोळा करून लहान तुकड्यांत कापावा व नंतरच कचऱ्यात टाकावा.