नवा राऊटर आला, स्पीकर मुका झाला!

घरात इंटरनेटचे नवे यंत्र बसवले आणि कालपर्यंत गाणारा स्पीकर अचानक गप्प झाला, तर तो बिघडला असे समजू नका. दोष बहुधा स्पीकरचा नसतोच.

जबलपूरच्या कितीतरी मराठी घरांत सकाळ अजूनही अभंगाने उजाडते. पूर्वी त्यासाठी रेडिओचे बटण पिरगळावे लागे. आता आजी देव्हाऱ्याजवळच्या स्पीकरला नुसते सांगते आणि गाणे सुरू होते. ज्यांची नजर अधू झाली आहे, मोबाइलवरची बारीक अक्षरे ज्यांना दिसत नाहीत, त्यांना तर हा बोलका डबा म्हणजे दिवसभराची सोबतच.

अशा घरात एक दिवस मेश राऊटर येतो. मागच्या खोलीत इंटरनेट पोहोचत नाही, मुलांच्या अभ्यासाचा खोळंबा होतो, म्हणून हा खर्च. एकाच मोठ्या राऊटरऐवजी दोन-तीन लहान डबे घरभर ठेवायचे आणि त्यांनी इंटरनेट एकमेकांच्या हाती देत पुढे न्यायचे, ही मेशची रीत. मोबाइल जोडला जातो, टीव्ही जोडला जातो, सगळे खूश! दुसऱ्या दिवशी पहाटे आजी हाक मारते, तर स्पीकर म्हणतो, इंटरनेट सापडत नाही. मग कुणीतरी ‘आता नवाच घ्या’ असा सल्ला देतो आणि काही हजारांची धडधाकट वस्तू माळ्यावर जाते.

खरे कारण काय?

स्पीकर ज्या दिवशी पहिल्यांदा जोडला, त्या दिवशी त्याने घरच्या वायफायचे नाव आणि पासवर्ड पाठ करून ठेवला. नव्या मेशला आपण नवे नाव दिले. स्पीकर मात्र अजून जुनेच नाव शोधत बसला आहे. मोबाइलला पडदा आहे, त्यावर नवे नाव निवडता येते. स्पीकरला पडदा नाही, तो विचारणार कसा?

म्हणून सर्वांत सोपा उपाय हा, की मेश बसवतानाच त्याला जुन्या राऊटरचे नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा. इंग्रजीतले मोठे-लहान अक्षर, मधली मोकळी जागा, सगळे तंतोतंत तसेच हवे. मग जुनी उपकरणे बहुतेक वेळा आपणहून जोडली जातात. तरीही स्पीकर अडला, तर मेशच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार पाहा. तेथे फक्त ‘डब्ल्यूपीए ३’ असेल, तर जुन्या स्पीकरला तो प्रकार उमजत नाही. ‘डब्ल्यूपीए २’ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा.

दोन लहरींचा घोळ

वायफाय प्रामुख्याने दोन प्रकारच्या लहरींवर चालते. एक २.४ गिगाहर्ट्झची, दुसरी ५ गिगाहर्ट्झची. पहिलीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर, दुसरीची ६. पहिली वेगाने कमी, पण भिंती ओलांडण्यात पटाईत. दुसरी वेगवान, पण भिंत आली की लवकर दमते. बरेच जुने आणि स्वस्त स्पीकर फक्त पहिलीच ओळखतात.

मेश या दोन्ही लहरी एकाच नावाखाली देतो. एरवी ही सोयच आहे, पण जोडणीच्या वेळी मोबाइल ५ वर आणि स्पीकर २.४ वर असला, की काही स्पीकर गोंधळतात. अशा वेळी मेशच्या ॲपमधून ५ गिगाहर्ट्झ दहा मिनिटे बंद ठेवा, स्पीकर जोडा आणि मग ते पुन्हा सुरू करा. काही मेशमध्ये घरगुती उपकरणांसाठी २.४ चे वेगळे नावही देता येते.

एका घरात दोन संसार

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इंटरनेट कंपनीने बसवलेला फायबरचा डबा स्वतःही वायफाय देतो. मेश आला तरी तो चालूच राहतो. मग स्पीकर जुन्या डब्यावर आणि मोबाइल मेशवर, असे दोन वेगळे संसार एकाच छपराखाली थाटले जातात. दोघांकडेही इंटरनेट असते, पण ते एकमेकांना दिसत नाहीत! यासाठी जुन्या डब्याचे वायफाय बंद करावे. डबा मात्र काढू नये, इंटरनेट त्याच्यातूनच येते. तसेच पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवर स्पीकर जोडू नका. तेथे उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम दूर ठेवलेले असते.

नव्याने जोडायचे झाल्यास

• स्पीकर खरोखर वायफायवर चालतो ना, हे आधी पाहा. नुसत्या ब्लूटूथच्या स्पीकरचा राऊटरशी संबंध नाही.
• मोबाइल मेशच्या वायफायवर घ्या. व्हीपीएन असेल तर बंद करा.
• स्पीकरच्या ॲपला लोकेशन आणि ब्लूटूथची परवानगी द्या. ती नसल्यामुळेच अनेकदा गाडी अडते.
• ॲपमध्ये स्पीकरच्या नावावर जाऊन वायफाय बदला.
• तेही न जमल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बटण दाबून स्पीकर कोरा करा. हा शेवटचा उपाय, कारण अलार्म आणि इतर सेटिंग यात पुसले जाऊ शकतात.
• दोन स्पीकरची जोडी असेल, तर दोन्ही एकाच वायफायवर हवेत.

डबा ठेवायचा कुठे?

बिनतारी विद्या जबलपूरला नवी नाही. लष्कराच्या सिग्नल कोअरचे मोठे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. दूरसंचार खात्याची माणसे १९४२ पासून येथे शिकून गेली. त्या संस्थेला आज भारतरत्न डॉ. आंबेडकरांचे नाव आहे. पण शिकलेल्यांच्या शहरातही जाड भिंत ती जाड भिंतच! नेपियर टाऊन, राइट टाऊन भागातल्या जुन्या बांधणीच्या घरात लहरींना भिंतींशी झुंजावे लागते.

म्हणून मेशचा दुसरा डबा, जेथे इंटरनेट मुळीच येत नाही तेथे ठेवू नका. मुख्य डबा आणि ती खोली यांच्या साधारण मध्यावर, दाराच्या सरळ रेषेत, टेबलाच्या उंचीवर ठेवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्याआड नको. उन्हाळ्यात खिडकीत पाण्याने भरलेला पत्र्याचा कूलर येतो, त्याच्यामागे तर मुळीच नको. धातू लहरी अडवतो, पाणी त्या पिऊन टाकते. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्याच लहरींवर चालतो, तेव्हा स्पीकर त्याच्यापासून दूर बरा. वीज जात असेल, तर फायबरचा डबा आणि मेश दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

आणि एक छोटे काम आजच करून टाका. वायफायचे नाव आणि पासवर्ड सुवाच्य अक्षरात गॅसच्या पुस्तकात लिहून ठेवा. मुले पुण्याला-बंगळूरला नोकरीला गेली, की घरची यंत्रे आईवडिलांच्याच हाती असतात. फोनवरून मुलगी सांगेल आणि आई इकडे बटण दाबेल, पण त्यासाठी तेवढा कागद सापडायला हवा!