पाळीनंतरचे सूप

छत्तीसगडमधील भिलाई येथे सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. झोतभट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. म्हणून तेथे पाळ्यांनी काम चालते. पाळी संपवून रात्री घरी परतणाऱ्या माणसाला झटपट, पण पोटभर अन्न हवे असते. डाळ व भाज्यांचे सूप ही गरज भागवते.

चौघांसाठी एक वाटी मसूर डाळ, गाजर, बटाटा व दुधीच्या फोडी, हळद आणि पाच वाट्या पाणी कुकरमध्ये घ्यावे. वाढलेल्या दाबामुळे कुकरमधील पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे डाळ काही मिनिटांतच मऊ होते. टोमॅटो मात्र मागाहून घालून पाच मिनिटे उकळावा, कारण आम्लामुळे डाळ शिजण्यास विलंब लागतो. मग मीठ घालून सर्व घोटावे. सूप दाट होते. त्यावर जिऱ्या-लसणाची फोडणी द्यावी.

भाज्यांतील क जीवनसत्त्व पाण्यात उतरते, तसेच उष्णतेने काही प्रमाणात नष्टही होते. सुपात ते पाणी वाया जात नाही. वाढल्यावर लिंबू पिळले की उणीव बरीचशी भरून निघते. सोबत सकाळचा भात असला, तरी जेवण पुरे होते.